पान उलटून बघितलंत का?

या महिन्यात आलेल्या पत्रांपैकी निम्म्याहून जास्त पत्रं कुंडीतल्या ऑर्किडच्या पानांबद्दलची आहेत. कुणाचं पान पिवळं पडलंय, कुणाच्या पानाच्या बेचक्यात कापूस दिसतोय, कुणाचं एका रात्रीत काळं झालंय. आणि जवळजवळ प्रत्येक पत्राचा शेवट एकच : "ताई, कोणतं औषध मारू?"

औषधाचं सांगेनच. पण त्याआधी मला चार गोष्टी कळायला हव्यात. बिघाड कुठल्या पानावर आहे, तळच्या जुन्या की मधून येणाऱ्या नव्या? डाग ओला आहे की कोरडा? तो वाढतोय का? आणि बोटानं पुसला तर जातो का? माझ्या टेबलाच्या खणात दहापट मोठं दाखवणारं भिंग, एक छोटी बॅटरी, पांढरे टिश्यू पेपर आणि एक वही असते. कुठल्या झाडावर काय दिसलं आणि कधी, हे वहीत. वीसेक वर्षं ऑर्किड सांभाळताना कुठल्याही फवाऱ्यापेक्षा या चार वस्तूंचा मला जास्त उपयोग झाला आहे.

प्रश्न : ताई, नमस्कार. माझ्या फॅलेनॉप्सिस ऑर्किडचं तळचं पान पिवळं पडून गळालं. मग वरची दोन पानं सुरकुतली, चामड्यासारखी मऊ झाली. तहान लागली असेल म्हणून एक दिवसाआड पाणी द्यायला लागले, तर आणखीच मलूल झाली. खत कमी पडतंय का?

खत नको. आत्ता तर मुळीच नको.

तुमच्या पत्रात दोन वेगळ्या गोष्टी एकत्र झाल्या आहेत. सगळ्यात खालचं एक पान पिवळं पडून गळणं हा आजार नाही. फॅलेनॉप्सिस मधल्या पोंग्यातून नवं पान काढतं आणि वर्षाकाठी तळचं एखाद-दुसरं सोडून देतं. ते ओढून काढू नका. पिवळं पडत असताना त्यातलं घेण्यासारखं ते झाड परत घेत असतं.

वरची पानं सुरकुतणं मात्र वेगळं. त्याचा अर्थ एवढाच की पानापर्यंत पाणी पोचत नाहीये. कुंडी कोरडी पडली तरी हे होतं, आणि पाणी जास्त होऊन मुळं कुजली तरी हेच होतं. नुसत्या पानाकडे बघून या दोन्हींतला फरक कळत नाही. म्हणून तर तहानेलं समजून पाणी घालत राहतो आणि उरलीसुरली मुळंही जातात.

तेव्हा झाड कुंडीतून बाहेर काढा. भीती वाटते, मला ठाऊक आहे. फुलावर असलेलं झाड उपसायला माझेही हात सुरुवातीला धजत नसत. कुंडी प्लास्टिकची असेल तर चारी बाजूंनी चेपून सैल करा, आडवी धरा आणि खोडाला धरून झाड हलकेच बाहेर घ्या. आता एकेक मूळ चिमटीत धरून दाबा. ऑर्किडच्या मुळावर स्पंजासारखं आवरण असतं. कोरडं असताना ते रुपेरी दिसतं, पाणी पडलं की बघता बघता हिरवं होतं. मूळ कडक लागलं तर जिवंत. पिचकलं आणि तपकिरी पाणी आलं तर मेलेलं. कुजलेल्या मुळाचं आवरण पायमोज्यासारखं सरकन निघून येतं आणि हातात उरतो तो आतला दोऱ्यासारखा धागा. एकदा हे बघितलंत की पुन्हा कुणाला विचारायची गरज पडणार नाही. कुंडीत खोल असलेली मुळं उजेडाअभावी पिवळसर असतात. ती कडक असतील तर उत्तम आहेत, रंग बघून कापू नका.

विकत आणलेल्या झाडात आणखी एक गोष्ट जरूर शोधा. वरून सालीचे मोकळे तुकडे दिसतात, पण बरोबर खोडाखाली, रोप लहान असताना बांधलेला स्फॅग्नम मॉसचा (पाणी धरून ठेवणाऱ्या शेवाळाचा) घट्ट गोळा तसाच राहिलेला असतो, कधीकधी जाळीच्या टोपलीसकट. वरची साल दोन दिवसांत वाळते आणि आपण पाणी घालतो. आतला गोळा आठवडाभर ओलाच असतो. माझ्याकडे आलेल्या एका झाडाची कुंडीच्या कडेची मुळं लख्ख होती आणि मधली एकूण एक कुजलेली. तो गोळा चिमट्यानं कण कण करून काढायला मला तासभर लागला. पुढे त्या झाडानं फुलंही दिली.

मेलेली मुळं निर्जंतुक कात्रीनं कापून टाका. उरलेली मुळं जेमतेम मावतील एवढ्याच कुंडीत सालीच्या मोठ्या तुकड्यांत झाड बसवा. मोठी कुंडी घेऊ नका, ती वाळत नाही. दोन-तीन दिवस पाणी नको, कापलेली तोंडं सुकू देत. नंतर कुंडी उचलून वजनाचा अंदाज घ्यायची सवय लावा : हलकी लागली आणि मुळं रुपेरी दिसली की पाणी. फॅलेनॉप्सिस रानात झाडांच्या खोडांना धरून वाढतं. पावसात चिंब भिजणं आणि मग वाऱ्यावर वाळणं, असं त्याच्या मुळांचं आयुष्य असतं. आपल्या कुंडीत त्यांना वारा मिळायला हवा.

सुरकुतलेली पानं पुन्हा पूर्ण ताठ होतीलच असं नाही. त्यांच्याकडे बघून निराश होऊ नका. मुळाला हिरवं, ओलसर चकचकीत टोक फुटलं की झाड सावरलं असं समजा.

प्रश्न : पानांच्या बेचक्यात पांढरा कापूस. पिठ्या ढेकूणच असणार. साबणाचं पाणी तीनदा मारलं. दोन आठवडे बरं वाटतं, की परत तेच. झाड कॅटलेया आहे.

कॅटलेया आहे हे लिहिलंत, फार बरं केलंत. कारण कॅटलेयावरचा "कापूस" दर वेळी पिठ्या ढेकणाचा नसतो. याच बाबतीत एक संपूर्ण हंगाम माझा वाया गेला आहे.

झालं असं की माझ्या एका कॅटलेयाच्या फुगीर खोडांवर, वाळक्या आवरणाच्या कडेनं, पांढरा भुसा दिसायला लागला. मीही तुमच्यासारखंच पिठ्या ढेकूण समजून साबण मारला. कापूस जायचा, महिन्याभरात पुन्हा हजर. शेवटी एक दिवस ते वाळकं, कागदासारखं आवरण नखानं उभं फाडून काढलं आणि भिंग लावलं. आत खोडाला चिकटून फिकट पिवळसर, चपट्या, गोल टिकल्या होत्या. एकीवर एक, माशाच्या खवल्यांसारख्या. सुईच्या टोकानं एक टिकली उलटली तर झाकण वेगळं निघालं आणि खाली मऊ पिवळा किडा. ही बॉइसडुव्हल नावाची खवले कीड. टिकल्या म्हणजे माद्या. पांढरा भुसा म्हणजे नरांचे कोष. मी कोष धूत होते आणि माद्या झाकणाखाली, त्या वाळक्या आवरणाच्या आड, सुरक्षित होत्या.

तर आधी ओळख करून घ्या. बोट फिरवून बघा : पान चिकट लागतंय का? पिठ्या ढेकूण रस पिऊन गोड चिकटा सोडतो. पानं चिकट होतात, त्यावर काजळीसारखी काळी बुरशी चढते, मुंग्या येतात. कडक झाकणाची खवले कीड चिकटा सोडत नाही. उलट पानाच्या वरच्या अंगाला, जिथे ती चिकटलेली असते तिथे, पिवळे ठिपके उमटतात. आता भिंगातून बघा : पिठ्या ढेकूण लांबट, अंगावर आडव्या रेघा, कडेला मेणाचे बारीक धागे, आणि टोचलं की हळूहळू चालायला लागतो. खवल्यातली मोठी मादी जागची हलत नाही.

उपाय दोघांनाही बराचसा सारखाच, पण तो पोचायला हवा. झाड बाकीच्या झाडांपासून लांब घ्या. खोडावरची सगळी वाळकी आवरणं सोलून काढा. हे काम टाळलंत तर पुढचं सगळं व्यर्थ आहे. सत्तर टक्क्यांच्या आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये कापसाची काडी बुडवून एकेक किडा पुसा. खवल्यासाठी जुना मऊ टूथब्रश घ्या आणि हलक्या हातानं घासा. हे सावलीत करा, पोंग्यात अल्कोहोल साचू देऊ नका, आणि कोवळ्या पानाच्या एका कोपऱ्यावर आधी लावून बघा. मग एक लिटर पाण्यात पाच मिली कडुनिंबाचं तेल आणि ते मिसळण्यापुरते मऊ साबणाचे थेंब, असं द्रावण संध्याकाळी पानांच्या दोन्ही अंगांना. तेल लावलेलं झाड उन्हात ठेवलं तर पानं भाजतात.

आता "परत तेच" का होतं ते. पिठ्या ढेकणाची मादी कापसाच्या पिशवीत शेकड्यांनी अंडी घालते. साबण ज्याला लागला त्यालाच मारतो, वाळल्यावर त्याचा काही अंमल राहत नाही. आज राहिलेल्या अंड्यांतून पुढच्या आठवड्यात पिल्लं निघतात. म्हणून दर सात ते दहा दिवसांनी, निदान चार वेळा, किडा दिसो न दिसो. तारखा लिहून ठेवा, कारण दुसऱ्या खेपेनंतर झाड स्वच्छ दिसतं आणि आपण विसरतो. कुंडीच्या काठाखालची कड, आधाराच्या काडीची चिमटी, कुंडीच्या तळाची भोकं, सगळीकडे बॅटरी मारून बघा. एकदा एवढं सगळं केल्यावरही कीड परत आली म्हणून मी कुंडी पालथी केली, तर मुळांतच पांढरे ठिपके होते. तसं असेल तर जुनं माध्यम, म्हणजे कुंडीतली साल, फेकून, मुळं धुऊन, नव्यात लावण्यावाचून इलाज नाही.

प्रश्न : फॅलेनॉप्सिसच्या पानांची चकाकी गेली आहे. वरून रुपेरी, खरखरीत, सुईनं टोचल्यासारखे बारीक खड्डे. जाळं कुठेच नाही, त्यामुळे कोळी नसावा. कुंडीत कीटकनाशक घातलं, दोन महिने झाले, फरक शून्य.

जाळं नाही म्हणून कोळी (म्हणजे पानाचा रस शोषणारा सूक्ष्म जीव, भिंतीवरचा कोळी नव्हे) नाही, असं धरून चालू नका. जाळं विणतो तो लाल कोळी. फॅलेनॉप्सिसवर बऱ्याचदा असतो तो चपटा कोळी, आणि तो जाळं विणतच नाही. आकार पाव मिलिमीटरच्या आसपास, त्यामुळे नुसत्या डोळ्यांना तो दिसणं कठीण. पण एक सोपी परीक्षा आहे. पांढरा टिश्यू पेपर किंचित ओला करून पानाच्या खालच्या अंगावरून, देठापासून टोकापर्यंत, दाबून ओढा. कागदावर तांबूस-तपकिरी रेघ उमटली तर कोळी. नुसती करडी धूळ आली तर धूळ. मी दर पंधरा दिवसांनी प्रत्येक झाडाचं एक पान असं पुसते.

औषधानं फरक पडला नाही त्याचं कारण साधं आहे. कोळी हा कीटक नाही, त्याला आठ पाय असतात, तो भिंतीवरच्या कोळ्यांच्या आणि विंचवांच्या कुळातला. रस शोषणाऱ्या किड्यांसाठी म्हणून मिळणारी मुळांतून द्यायची बरीचशी औषधं त्याला लागूच पडत नाहीत. उलट त्याला खाणारे उपयोगी जीव मरतात आणि कोळ्याचं फावतं. तुम्ही चुकीचं काही मुद्दाम केलं नाहीत, पण ते औषध आता बंद करा.

पानं दोन्ही अंगांनी वाहत्या पाण्याखाली बोटानं चोळून धुवा, पोंग्यातलं पाणी टिश्यूनं टिपून घ्या. मग साबणाचं किंवा वर सांगितलेलं तेलाचं द्रावण, पाच ते सात दिवसांच्या अंतरानं तीन-चार वेळा. उष्ण, कोरड्या हवेत कोळी भराभर वाढतो, म्हणून अंतर वाढवू नका. एवढ्यानं आटोक्यात आलं नाही तर ज्याच्या वेष्टनावर "कोळीनाशक" असं स्पष्ट लिहिलेलं आहे तेच घ्या, आणि दर वेळी एकच न वापरता आलटून पालटून वापरा. गंधक वापरणार असाल तर तेलाची फवारणी आणि गंधक यांच्यात निदान दोन आठवडे जाऊ द्या, नाहीतर पानं करपतात. घरात लहान मुलं किंवा प्राणी असतील तर फवारणी उघड्यावर करा आणि पानं वाळेपर्यंत झाड तिथेच राहू द्या.

रुपेरी झालेली पानं पूर्ववत होणार नाहीत, तिथल्या पेशी रिकाम्या झालेल्या असतात. इलाज लागू पडला का हे पुढच्या नव्या पानावर ठरेल. थोडं थांबावं लागेल, पण ते पान स्वच्छ, चकचकीत आलेलं बघण्यात फार समाधान आहे.

प्रश्न : काल सकाळी पानावर मसुराएवढा काळपट डाग होता. आज तो नाण्याएवढा झालाय आणि भोवती पाणी भरल्यासारखं दिसतंय. छापून येईपर्यंत उशीर होईल, पण इतरांना तरी उपयोग होईल म्हणून लिहितो.

तुम्हाला मी त्याच दिवशी कळवलं होतं, आता इतरांसाठी सविस्तर लिहिते. या सदरातल्या सगळ्या प्रश्नांत हा एकच असा आहे की ज्यात आज-उद्या करून चालत नाही.

एका दिवसात वाढणारा, ओला, मऊ डाग म्हणजे जिवाणूंची कूज. बुरशीचे डाग सहसा सावकाश वाढतात, कोरडे असतात, करप्यात तर एकात एक कडीही दिसते. जिवाणूंच्या डागाभोवती पिवळी किंवा पाणचट कड असते. बोटानं दाबलं तर खाली घट्टपणा लागत नाही, आणि काही प्रकारांत सडका वास येतो. शंका असेल तर खोली अंधारी करून पानामागे बॅटरी धरा. निरोगी पानातून उजेड सारखा, हिरवट येतो. कूज लागलेल्या भागाच्या कडेला तो तेलकट कागदातून आल्यासारखा दिसतो, आणि वरून दिसणाऱ्या काळ्या डागाच्या बराच बाहेरपर्यंत. कापायचं ते या तेलकट कडेच्याही पलीकडे, दीड-दोन सेंटिमीटर निरोगी भाग घेऊन. काळं तेवढंच कापाल तर उद्या पुन्हा डाग दिसेल.

ब्लेड प्रत्येक कापाआधी ज्योतीवर तापवा. अल्कोहोलची बाटली तेव्हा बंद करून दुसऱ्या खोलीत ठेवा, ही दोन कामं एकत्र करू नका. कापलेल्या कडेला दालचिनीची पूड लावली की जखम लवकर सुकते, पण ती मुळांवर पडू देऊ नका, मुळंही तितकीच सुकतात. ताम्रयुक्त औषध उपयोगी पडतं, मात्र डेंड्रोबियमला ते मानवत नाही, पानं गाळतं. झाडावर आठवडाभर वरून पाण्याचा थेंब नको, वारा खेळता ठेवा. जिवाणू पाण्याच्या शिंतोड्यांतून पसरतात, म्हणून शेजारची झाडं लांब करा.

डाग पोंग्याच्या दिशेनं निघाला असेल तर हात आखडता घेऊ नका, आख्खं पान गेलं तरी चालेल. फॅलेनॉप्सिसला वाढीचं टोक एकच असतं. ते कुजलं की वरून नवं पान कधीच येत नाही. माझं एक जुनं झाड असंच गेलं. संध्याकाळी पानं पुसली, पोंग्यात पाणी राहिलं, रात्र गार होती, आणि चौथ्या दिवशी मधलं पान बोट लावताच हातात आलं. बुंधा कडक होता म्हणून मी ते टाकलं नाही. पाच महिन्यांनी खालच्या पानाच्या बगलेतून पिल्लू, म्हणजे नवं रोप, फुटलं. सगळ्यांचं तसं होत नाही, पण मुळं जिवंत असतील तर वाट बघावी. तेव्हापासून पाणी सकाळीच, आणि पोंग्यात थेंब दिसला तर लगेच टिश्यूचं टोक.

प्रश्न : खिडकीत हलवल्यावर एका पानावर मधोमध पांढरा, कागदासारखा कोरडा चट्टा पडला. बुरशीनाशक मारू का?

नको, ते उन्हानं भाजलं आहे. झाडाच्या उन्हाकडच्या बाजूलाच चट्टा, पान जिथे सर्वांत वर वाकलं आहे तिथे, आणि कड स्वच्छ, ही त्याची खूण. चट्ट्याच्या कडेनं मऊ पेननं रेघ मारून तारीख लिहा. दोन आठवड्यांनी डाग रेघेच्या आतच असेल तर निश्चिंत राहा आणि पान कापू नका, उरलेला हिरवा भाग झाडाला पोसतो आहे. दुपारी पानाला हात लावून बघा. गरम लागलं तर जागा चुकली. झाड पडद्याआड घ्या.

अशाच आशयाच्या दुसऱ्या एका पत्रात सगळ्या पानांची फक्त टोकं काळी पडल्याचं लिहिलंय. ते ऊन नव्हे, खताचे क्षार. सालीवर आणि कुंडीच्या काठावर पांढरा थर दिसेल. महिन्यातून एकदा नुसतं पाणी कुंडीतून भरपूर वाहू द्या आणि खताचं प्रमाण पाकिटावर लिहिलंय त्याच्या पावपट करा.

प्रश्न : फुलदांड्यावर मधासारखे पारदर्शक थेंब येतात. किडा एकही सापडत नाही. मुंग्या मात्र येतात.

किडा खरंच नसेल तर काळजीचं काही नाही. कितीतरी ऑर्किड फुलदांड्यावर आणि कळीच्या देठाशी असा गोड रस आपणहून सोडतात. पण "नाही" म्हणण्याआधी कळ्यांच्या मागची बाजू भिंगानं बघा. मावा आणि पिठ्या ढेकूण तिथे दडतात, आणि मुंग्या त्यांना राखतात, एका झाडावरून दुसऱ्यावर नेऊनही ठेवतात. थेंब ओल्या फडक्यानं पुसून टाका. मुंग्या तरीही येतच राहिल्या तर पुन्हा शोधा.

प्रश्न : पानांवर पिवळ्या-काळ्या लांबट रेघा आणि काही ठिकाणी कडी. एका जाणकारांनी विषाणू सांगितला आणि झाड जाळून टाकायला सांगितलं. आठ वर्षांचं झाड आहे. खरंच काही उपाय नाही का?

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. आठ वर्षं म्हणजे त्या झाडाचा प्रत्येक फुलदांडा तुम्हाला आठवत असणार.

विषाणूवर औषध नाही, हे खरं आहे. ऑर्किडमध्ये सर्वांत जास्त आढळणारे दोन : सिंबिडियम मोझेक आणि ओडोंटोग्लॉसम रिंगस्पॉट. पण नुसत्या रेघा बघून विषाणू ठरवता येत नाही, हे तितकंच खरं आहे. कोवळं पान थंडीनं गारठलं तर काही आठवड्यांनी त्यावर खोलगट पिवळे-काळे चट्टे उमटतात. चपट्या कोळ्यानं खाल्लेलं पान असंच दिसतं. काही बुरश्याही कडी काढतात. आणि उलट, विषाणू असलेलं एखादं झाड वर्षानुवर्षं लखलखीत दिसतं. त्यामुळे आजच जाळू नका. पानाचा तुकडा कुटून त्यात पट्टी बुडवायची, अशा तपासणीच्या पट्ट्या या दोन विषाणूंसाठी मिळतात. किंवा वनस्पतिरोगाच्या प्रयोगशाळेत पान द्या. तोवर झाड वेगळ्या खोलीत, त्याचं निथळलेलं पाणी दुसऱ्या कुंडीत जाणार नाही असं ठेवा, आणि आधी टिश्यूची परीक्षा करून कोळी नाही ना ते बघा.

विषाणू निघालाच, तर तो मुख्यतः आपल्या हातातल्या ब्लेडनं पसरतो. एका झाडाचा रस दुसऱ्याच्या जखमेला लागला की झालं. ब्लेड अल्कोहोलनं पुसणं इथे पुरत नाही. ज्योतीवर लाल होईपर्यंत तापवा, नाहीतर प्रत्येक झाडाला नवं ब्लेड घ्या. मी नवंच घेते. जुनी कुंडी आणि साल दुसऱ्या झाडाला वापरू नका. तुमच्याकडे ते एकटंच झाड असेल तर मी तरी ते ठेवीन, फुलू देईन. शेजारी आणखी झाडं असतील तर त्यांच्यासाठी त्याला निरोप द्यावा लागेल. पण तो तपासणीनंतर.

प्रश्न : डेंड्रोबियमच्या दोन कांड्यांची सगळी पानं पिवळी होऊन गळाली. उघड्या कांड्या बुंध्यातून कापून टाकू का?

कापू नका. नोबिले जातीसारखी डेंड्रोबियम वाढ पुरी झाली की पानं गाळतात आणि पुढच्या हंगामात त्याच उघड्या कांडीच्या पेऱ्या-पेऱ्यांतून फुलतात. कांडी बोटांनी चेपून बघा. टणक असेल, थोडी सुरकुतली असली तरी, तिच्यात साठा आहे आणि नव्या कोंबाला तो लागणार आहे. तपकिरी, पोकळ, दाबल्यावर आत जाणारी असेल तरच काढा. पानं गळत असताना पाणी कमी करा, खत थांबवा. आणि पेऱ्यांवर मोहरीएवढे फुगवटे दिसू लागले की मला फोटो पाठवा, कळी की पिल्लू ते बघून सांगते.